शत्रुमालमत्ता व तिची मुक्तता

युद्धकाळात एखाद्या राज्याच्या हद्दीत असलेली, परंतु शत्रुराष्ट्राच्या नागरिकांच्या, पेढ्यांच्या किंवा संस्थांच्या मालकीची जी मालमत्ता ते राज्य कायद्याने आपल्या ताब्यात घेते, तिला शत्रुमालमत्ता म्हणतात. तीत जमीन, इमारती, कारखाने, गोदामांतील माल, बँकांतील ठेवी, कंपन्यांचे भाग, येणी आणि एकस्व व व्यापारचिन्हे यांसारखे अमूर्त हक्क यांचा समावेश होतो. युद्ध संपल्यावर या मालमत्तेचे काय करावयाचे, हा प्रश्न तहाच्या वाटाघाटींत हमखास उपस्थित होतो. ती मूळ मालकाला परत द्यावी, विकून तिचे उत्पन्न युद्धनुकसानीपोटी वळते करून घ्यावे, किंवा अनिश्चित काळपर्यंत राज्याच्या ताब्यात ठेवावी, असे तीन मार्ग संभवतात. विसाव्या शतकात भारताचा या तिन्ही मार्गांशी संबंध आला. त्यांपैकी जपानी नागरिकांची मालमत्ता परत करण्याचा १९५२ चा निर्णय विशेष उल्लेखनीय होय. या मालमत्तेचा संबंध मुख्यतः मुंबई बंदराशी आणि त्या बंदराला कापूस पुरविणाऱ्या वऱ्हाड, खानदेश इ. प्रदेशांशी होता.

लूट व अभिरक्षा : शत्रूची मालमत्ता तात्पुरती सांभाळून पुढे परत करावयाची, ही कल्पना अर्वाचीन आहे. मध्ययुगात जेत्याच्या हाती पडलेली वस्तू ही त्याचीच होई. बुलढाणा जिल्ह्यातील, बालाघाटाच्या पायथ्याशी वसलेले रोहिणखेड हे गाव या जुन्या रीतीचे उत्तम उदाहरण ठरते. घाट चढून जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी असल्याने या गावाला लष्करी महत्त्व होते. १४३७ मध्ये खानदेशच्या नासिरखान फारूकी याने वऱ्हाडावर स्वारी केली, तेव्हा बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन याने येथे त्याचा पराभव केला आणि बुऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग करून ते शहर लुटले. लुटीतील हत्ती व इतर ऐवज बीदरला नेण्यात आला. १५९० च्या सुमारास याच गावाजवळ अहमदनगरच्या गादीसाठी दुसरी लढाई झाली. तीत बुऱ्हाण निजामशाह याच्या पक्षाचा जय झाला व महदवी पंथाचा नेता जमालखान मारला गेला. गावातील खुदावंतखान महदवी याने १५८२ मध्ये बांधलेली मशीद त्या काळाची साक्ष देते. या दोन्ही लढायांत पराभूत पक्षाच्या संपत्तीचा हिशेब ठेवण्याचा प्रश्नच उद्‌भवला नाही. व्यापारी, सैनिक आणि राजा यांच्या मालमत्तेत भेद मानण्याचीही त्या काळी रीत नव्हती.

हा भेद यूरोपात हळूहळू रूढ झाला. युद्ध हे राज्याराज्यांतील असते, खाजगी व्यक्ती ही केवळ आपल्या राज्याची प्रजा म्हणून शत्रू ठरते व म्हणून तिची मालमत्ता सुरक्षित असावी, हा विचार अठराव्या शतकात बळावला. १७९४ मध्ये ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्यात झालेल्या जे तहाच्या दहाव्या कलमाने युद्ध झाले तरी एकमेकांच्या नागरिकांची येणी व ठेवी जप्त करावयाच्या नाहीत, असे ठरविले. १८१४ मध्ये अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ब्राउन खटल्यात निर्णय दिला, की युद्ध पुकारल्याने शत्रूची खाजगी मालमत्ता आपोआप जप्त होत नाही. त्यासाठी विधिमंडळाचा स्पष्ट कायदा लागतो. १९०७ च्या हेग नियमावलीने व्याप्त प्रदेशातील खाजगी मालमत्ता जप्त करण्यास मनाई केली. मात्र ही मनाई शत्रूची भूमी व्यापणाऱ्या सैन्यापुरती होती. आपल्याच हद्दीत असलेल्या शत्रुनागरिकाच्या मालमत्तेचे काय, हा प्रश्न तिने पूर्णपणे सोडविला नाही.

यातून अभिरक्षेची पद्धत निघाली. शत्रुनागरिकाची मालमत्ता राज्याने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे कस्टोडियनकडे, सोपवावयाची, तिचा उपयोग शत्रूला होऊ द्यावयाचा नाही, आणि युद्धानंतर तहात ठरेल त्याप्रमाणे तिची वाट लावावयाची, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. अभिरक्षक हा मालक नसतो. तो भाडे वसूल करतो, येणी गोळा करतो, नाशवंत माल विकतो, कर भरतो व हिशेब ठेवतो. असा हिशेब ठेवला जातो हाच लूट आणि अभिरक्षा यांमधील खरा फरक होय. कारण हिशेब असेल, तरच पुढे परतफेड शक्य होते.

पहिले महायुद्ध : १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा मुंबईत अनेक जर्मन व ऑस्ट्रियन पेढ्या व्यापार करीत होत्या. रंग, औषधे, यंत्रे व लोखंडी सामान यांची आयात आणि कापूस, कातडी व तेलबिया यांची निर्यात हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थान सरकारने शत्रुराष्ट्रीय परक्यांच्या व्यापारावर निर्बंध घालणारा आदेश काढला. परवान्याशिवाय त्यांना व्यापार करण्यास मनाई झाली व पुढे त्यांच्या पेढ्यांचे परिसमापन सुरू झाले. अनेक जर्मनांना अहमदनगर येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. मिशनांची मालमत्ताही यातून सुटली नाही. दक्षिण कानडा, मलबार आणि त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील धारवाड-हुबळी भागांत काम करणाऱ्या बासेल मिशनचे मूळ स्वित्झर्लंडमधील असले, तरी त्यात जर्मन मिशनरी मोठ्या संख्येने होते. या मिशनचे कौलांचे व विणकामाचे कारखाने १९१९ मध्ये कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले.

व्हर्सायच्या तहाने (१९१९) या जप्तीला कायमचे स्वरूप दिले. तहाच्या २९७ व्या कलमान्वये दोस्त राष्ट्रांना आपापल्या हद्दीतील जर्मन नागरिकांची मालमत्ता राखून ठेवण्याचा व तिचे परिसमापन करण्याचा अधिकार मिळाला. ज्यांची मालमत्ता गेली, त्या जर्मन नागरिकांना भरपाई जर्मन सरकारने द्यावी, असेही तहात लिहिले होते. परंतु युद्धाने खचलेल्या व पुढे चलनवाढीच्या गर्तेत सापडलेल्या सरकारकडून मिळालेल्या भरपाईला फारशी किंमत उरली नाही. अशा रीतीने राष्ट्राचे ऋण त्याच्या परदेशस्थ व्यापाऱ्यांच्या मालमत्तेतून वसूल झाले. या तहावर हिंदुस्थानच्या वतीने एडविन माँटेग्यू व बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सह्या केल्या होत्या. अमेरिकेने मात्र व्हर्सायचा तह स्वीकारला नाही. १९२८ च्या कायद्याने तिने जर्मन मालकांना त्यांच्या मालमत्तेचा ८० टक्के भाग परत करण्याची तरतूद केली.

वऱ्हाडचा कापूस व जपानी पेढ्या : दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या दृष्टीने जपानी मालमत्तेला विशेष महत्त्व आले. तिची पूर्वपीठिका कापसाच्या व्यापारात आहे. १८७० मध्ये लॉर्ड मेयो याच्या हस्ते जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला व खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची एक प्रमुख पेठ बनली. मलकापूर येथेही रेल्वेमुळे कापसाची बाजारपेठ वाढली. रोहिणखेडसारख्या तत्कालीन मलकापूर तालुक्यातील गावांचा कापूस बैलगाड्यांतून या पेठांत येई, तेथे सरकी काढून त्याच्या गाठी बांधल्या जात व त्या मुंबईला रवाना होत. वऱ्हाडचा हा आखूड धाग्याचा कापूस व्यापारात ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. लँकाशरच्या गिरण्यांना तो फारसा उपयुक्त नव्हता. जपानी गिरण्या मात्र अमेरिकन कापसात मिसळून त्यापासून जाडेभरडे सूत काढीत.

१८९३ मध्ये जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पोन यूसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबईपर्यंत आगबोटींची फेरी सुरू केली. त्याच सुमारास मित्सुई कंपनीने मुंबईत कचेरी उघडली व १८९४ मध्ये योकोहामा स्पेशी बँकेची शाखा निघाली. पुढे निप्पोन मेंका, गोशो व १९२० मध्ये मित्सुईच्या कापूस विभागातून निघालेली तोयो मेंका या तीन पेढ्यांनी हिंदुस्थानातील कापसाच्या व्यापारात अग्रस्थान मिळविले. मुंबईच्या बाजारावर अवलंबून न राहता अंतर्भागातील पेठांत आडत्यांमार्फत खरेदी करावयाची, ही त्यांची पद्धत होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान जपान हा हिंदी कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला. या व्यापारात ब्रिटिश राली ब्रदर्स व स्विस फोल्कार्ट ब्रदर्स या जुन्या पेढ्या त्याच्या प्रतिस्पर्धी होत्या.

हे परस्परावलंबन १९३३ मध्ये कसाला लागले. जपानी कापडावरील आयात जकात वाढविल्यामुळे जपानी गिरणीमालकांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला व वऱ्हाड-खानदेशातील भाव घसरले. सिमला येथील वाटाघाटींनंतर १९३४ च्या कराराने प्रश्न तात्पुरता मिटला. जपानने १५ लाख गाठी कापूस घ्यावा व त्या बदल्यात हिंदुस्थानात ४० कोटी वार कापड आणावे, अशी त्यात कमाल मर्यादा होती. एका देशाच्या कापडावरील जकात दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत पोचते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

दुसरे महायुद्ध व अभिरक्षकाची कचेरी : ३ सप्टेंबर १९३९ रोजी हिंदुस्थान युद्धात ओढला गेला. भारत संरक्षण अधिनियमाखाली केलेल्या नियमांत शत्रूशी व्यापार करण्यास बंदी घालण्यात आली व मुंबईस शत्रुमालमत्ता अभिरक्षक नेमण्यात आला. प्रारंभी त्याच्याकडे मुख्यतः जर्मन आणि १९४० पासून इटालियन मालमत्ता आली. जर्मन नागरिकांना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले. काहींना, विशेषतः कुटुंबवत्सल व निरुपद्रवी ठरलेल्यांना, पुरंदर व सातारा येथे सौम्य निर्बंधांखाली राहू देण्यात आले. त्यांत नाझी राजवटीपासून पळून आलेले ज्यू निर्वासितही होते. कायद्याच्या दृष्टीने जर्मन पारपत्रधारक हा शत्रूच होता. त्याच राजवटीने त्याला देशोधडीला लावले होते, ही गोष्ट सरकारी चौकशीनंतरच लक्षात घेतली जाई.

जपानी मालमत्तेवरील कारवाई दोन टप्प्यांत झाली. जुलै १९४१ मध्ये जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात शिरताच अमेरिका व ब्रिटन यांनी जपानी मालमत्ता गोठविली आणि हिंदुस्थान सरकारनेही त्यांचे अनुकरण केले. गोठविणे याचा अर्थ मालकी कायम राहते, परंतु परवानगीवाचून पैसा वा माल हलविता येत नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपानशी युद्ध सुरू झाल्यावर ही मालमत्ता शत्रुमालमत्ता ठरली. पेढ्यांच्या कचेऱ्या व ठेवी, गोदामांतील कापूस आणि योकोहामा स्पेशी बँकेच्या मुंबई शाखेचे व्यवहार सरकारी नियंत्रणाखाली आले. जपानी नागरिकांना स्थानबद्ध करण्यात आले व त्यांपैकी काहींची १९४२ मध्ये अदलाबदलीत मायदेशी रवानगी झाली.

या कारवाईची झळ केवळ जपानी पेढ्यांना लागली नाही. सर्वांत मोठे गिऱ्हाईक एकाएकी नाहीसे झाल्याने आखूड धाग्याच्या कापसाला उठाव राहिला नाही. सरकारने १९४२ मध्ये आयात कापसावर जादा जकात बसवून या कापसाच्या उत्पादकांच्या साहाय्यासाठी निधी उभारला व शेतकऱ्यांना अन्नधान्याच्या पिकांकडे वळण्याचे आवाहन केले. खामगाव-मलकापूरच्या पेठांतील अडते, दलाल, जिनातील मजूर व त्यांना कापूस विकणारे शेतकरी यांचे नुकसान मात्र अभिरक्षकाच्या वह्यांत नोंदण्याजोगे नव्हते. ज्याच्या नावावर दस्तऐवज होता, त्याच्या मालमत्तेची नोंद झाली. ज्याची केवळ उपजीविका बुडाली, त्याची झाली नाही.

जर्मन मालमत्ता व पॅरिस करार : युद्धोत्तर काळात जर्मन मालमत्तेच्या बाबतीत व्हर्सायचाच मार्ग अनुसरण्यात आला. जानेवारी १९४६ मध्ये झालेल्या पॅरिस कराराने १८ राष्ट्रांत युद्धनुकसानीची वाटणी ठरविली. हिंदुस्थानला ‘अ’ गटात २ टक्के आणि यंत्रसामग्री व जहाजे यांच्या ‘ब’ गटात २·९ टक्के वाटा मिळाला. प्रत्येक राष्ट्राने आपल्या हद्दीतील जर्मन मालमत्ता राखून ठेवावी व तिची किंमत आपल्या वाट्यात धरावी, असे त्यात ठरले होते. देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास युद्धकालीन नियमांची मुदत संपत असल्याने १९४७ मध्ये शत्रूशी व्यापारासंबंधीच्या तरतुदी चालू ठेवणारा अधिनियम करण्यात आला व अभिरक्षकाचे अधिकार अबाधित राहिले. जर्मनीशी असलेली युद्धस्थिती भारताने १ जानेवारी १९५१ रोजी समाप्त केली.

१९५२ चा भारत-जपान तह : जपानच्या बाबतीत भारताने वेगळी वाट धरली. ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे जपानशी ४८ राष्ट्रांनी शांततेचा तह केला. त्याच्या चौदाव्या कलमाने प्रत्येक दोस्त राष्ट्राला आपल्या हद्दीतील जपानी राज्याची व जपानी नागरिकांची मालमत्ता जप्त करण्याचा, राखून ठेवण्याचा व विकण्याचा अधिकार दिला. भारत या परिषदेस उपस्थित राहिला नाही. रिऊक्यू व बोनिन बेटांची व्यवस्था, जपानी भूमीवर परकीय सैन्य राहण्याची तरतूद आणि फॉर्मोसाच्या भवितव्याबद्दलचे मौन या गोष्टी जवाहरलाल नेहरू यांच्या सरकारला मान्य नव्हत्या. जपानला राष्ट्रसमूहात मानाचे व समानतेचे स्थान मिळावे, ही भारताची भूमिका होती. सॅन फ्रॅन्सिस्कोचा तह २८ एप्रिल १९५२ रोजी अंमलात आला, त्याच दिवशी भारताने जपानशी असलेली युद्धस्थिती संपल्याचे जाहीर केले आणि ९ जून १९५२ रोजी टोकिओ येथे स्वतंत्र तह केला. त्यावर भारतातर्फे के. के. चेट्टूर व जपानतर्फे परराष्ट्रमंत्री कात्सुओ ओकाझाकी यांनी सह्या केल्या. २७ ऑगस्ट १९५२ पासून तो अंमलात आला.

या तहाचे चौथे कलम मालमत्तेच्या मुक्ततेसंबंधी आहे. युद्ध सुरू झाले तेव्हा भारतात असलेली व तह अंमलात येताना भारत सरकारच्या नियंत्रणाखाली असलेली जपानी राज्याची व नागरिकांची सर्व मूर्त व अमूर्त मालमत्ता, हक्क व हितसंबंध सध्याच्या स्थितीत परत केले जातील, असे त्यात म्हटले आहे. जतन व व्यवस्थापन यांचा खर्च जपानने किंवा संबंधित नागरिकांनी द्यावयाचा होता. मालमत्ता आधीच विकली गेली असल्यास हा खर्च वजा करून विक्रीचे उत्पन्न परत करावयाचे होते. सहाव्या कलमान्वये भारताने युद्धनुकसानीवरील सर्व हक्क सोडले. युद्धकाळातील जपानच्या कृत्यांतून निर्माण झालेले आपले व आपल्या नागरिकांचे इतर दावेही, तहात अन्यथा तरतूद नसेल तेथे, सोडून दिले.

पाचवे कलम याची दुसरी बाजू होय. ७ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात जपानमध्ये असलेली भारतीय नागरिकांची मालमत्ता, तह अंमलात आल्यापासून नऊ महिन्यांच्या आत अर्ज केल्यास, अर्जानंतर सहा महिन्यांत परत करण्याचे जपानने मान्य केले. परत करणे शक्य नसेल, तेथे जपानच्या १९५१ च्या भरपाईविषयक कायद्यानुसार भरपाई मिळावयाची होती. योकोहामा व कोबे या बंदरांत रेशीम व सुती कापडाचा व्यापार करणारे भारतीय, विशेषतः सिंधी, व्यापारी बऱ्याच काळापासून होते, त्यांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची ठरली. युद्धपूर्व ऋणे युद्धामुळे नष्ट होत नाहीत, हे तत्त्वही तहात मान्य करण्यात आले.

परतफेडीचे स्वरूप : ‘सध्याच्या स्थितीत’ आणि ‘विक्रीचे उत्पन्न’ या दोन शब्दप्रयोगांत मुक्ततेच्या मर्यादा सामावलेल्या आहेत. १९४१ मध्ये गोदामात असलेला कापूस १९५२ पर्यंत ठेवणे शक्य नव्हते; तो विकणे हेच अभिरक्षकाचे कर्तव्य होते. मालकाला मिळावयाची ती त्या वेळच्या भावाने आलेली रक्कम. मधल्या अकरा वर्षांत रुपयाची क्रयशक्ती बरीच घटली होती, तिची भरपाई तहात नव्हती. शिवाय पेढीचे खरे धन तिच्या इमारतीत वा ठेवींत नसून आडत्यांशी जुळलेल्या संबंधांत, बाजारातील पतीत आणि मालाच्या पारखीत असते. ते कोणताही अभिरक्षक सांभाळू शकत नाही. दरम्यान जपानमध्येही मित्सुईसारख्या मोठ्या व्यापारसमूहांचे विघटन झाले होते व योकोहामा स्पेशी बँकेची जागा बँक ऑफ टोकिओने घेतली होती. त्यामुळे कित्येक ठिकाणी मालमत्ता स्वीकारणारा मालक हा मूळ मालकाचा कायदेशीर वारस एवढ्याच नात्याने उभा होता. फाळणीनंतर भारताची कापसाची परिस्थितीही पालटली होती. लांब धाग्याच्या कापसाचे पंजाब व सिंधमधील मोठे क्षेत्र पाकिस्तानात गेल्याने एके काळचा निर्यातदार देश कापूस आयात करू लागला. जुन्या पेढ्या परत आल्या, तरी जुना व्यापार परत आला नाही.

असे असूनही या निर्णयाचे महत्त्व कमी होत नाही. जप्तीचा हक्क इतर राष्ट्रांना तहानेच दिला होता व अनेकांनी तो बजावला. भारताची आर्थिक स्थिती बिकट असताना आणि ब्रह्मदेश, मलाया व अंदमान येथे भारतीयांनी जपानी आक्रमणाची झळ सोसलेली असताना तो हक्क न बजावणे, ही राजकीय निवड होती. तिच्यामागे आशियातील स्नेहसंबंधांचा विचार होता, तसेच जुने गिऱ्हाईक व नवा यंत्रपुरवठादार म्हणून जपानचे व्यावहारिक मूल्यही होते. १९५८ मध्ये जपानने आपले पहिले येन-कर्ज भारताला दिले. ते १,८०० कोटी येनचे होते. मात्र या उदारतेची किंमत कोणी चुकविली, हेही लक्षात घेतले पाहिजे. राज्याने आपला हक्क सोडताना आपल्या नागरिकांचे दावेही सोडले. ब्रह्मदेशातून पायी परतलेल्या निर्वासिताला वा पेठ बसल्याने कर्जात बुडालेल्या कापूस-उत्पादकाला जपानकडे मागण्यासारखे या तहानंतर काही उरले नाही.

१९६५ नंतरची स्थिती : पुढील युद्धांनंतर भारताचे धोरण याच्या उलट दिशेने गेले. १९६२ च्या चीनबरोबरील संघर्षात चिनी नागरिकांची आणि १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी नागरिकांची मालमत्ता भारत संरक्षण नियमांखाली अभिरक्षकाकडे निहित झाली. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद घोषणेच्या आठव्या परिच्छेदात संघर्षकाळात दोन्ही बाजूंनी घेतलेल्या मालमत्तेच्या परतीबद्दल चर्चा करण्याचे मान्य झाले होते. परंतु ती चर्चा फलद्रूप झाली नाही. भारताने १९६८ मध्ये शत्रुमालमत्ता अधिनियम केला. पाकिस्तानने आपल्याकडील भारतीयांच्या मालमत्तेची १९७१ मध्ये विक्री करून विल्हेवाट लावली. अशा भारतीयांना १९७१ पासून भारत सरकारने पडताळलेल्या दाव्याच्या २५ टक्क्यांपर्यंत सानुग्रह अनुदान दिले. फाळणीच्या वेळी देशांतर केलेल्यांची निष्क्रांत मालमत्ता ही २००५ पर्यंत १९५० च्या वेगळ्या कायद्याखाली येत असे; तिची व शत्रुमालमत्तेची गल्लत करू नये.

१९६८ च्या अधिनियमाखाली अभिरक्षकाकडील मालकी कोणत्या स्वरूपाची, हा प्रश्न पुढे न्यायालयात गेला. महमूदाबादच्या राजांच्या वारसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये निर्णय दिला, की अभिरक्षकाचा ताबा हा व्यवस्थापनापुरता असतो व भारतीय नागरिक असलेल्या वारसाला मालमत्ता परत मिळाली पाहिजे. संसदेने २०१७ मध्ये दुरुस्ती करून ही स्थिती पालटली. मूळ मालकाच्या मृत्यूनंतर वारस भारतीय असला, तरी मालमत्ता अभिरक्षकाकडेच राहील, असे पूर्वलक्षी प्रभावाने ठरविण्यात आले. २०१८ मध्ये ९९६ कंपन्यांतील ६,५०,७५,८७७ भाग विकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने संमती दिली. २०२३ मध्ये देशातील स्थावर शत्रुमालमत्तांची संख्या १२,६११ सांगण्यात आली. त्यांपैकी २०८ महाराष्ट्रात व २९५ गोव्यात होत्या. गोव्यातील संख्या राज्याच्या आकारमानाच्या मानाने मोठी आहे. ब्रिटिश अमदानीत अनेक गोमंतकीय कुटुंबे कराचीत स्थायिक झाली होती व फाळणीनंतर त्यांपैकी कित्येकांना पाकिस्तानी नागरिकत्व लाभले. गावाकडील घर मात्र गोव्यातच राहिले.

मूल्यमापन : शत्रुमालमत्तेचा इतिहास हा खाजगी मालकाच्या असहायतेचा इतिहास आहे. व्यापारी, मिशनरी वा स्थलांतरित ज्या युद्धात शत्रू ठरतो, ते त्याने पुकारलेले नसते, आणि ज्या तहाने त्याचे भवितव्य ठरते, त्यात त्याला मत नसते. त्याची मालमत्ता कधी राष्ट्राच्या ऋणाची हमी बनते, कधी वाटाघाटीतील देवघेवीची वस्तू होते, तर कधी, वाटाघाटी न झाल्याने, अर्धशतकाहून अधिक काळ अभिरक्षकाच्या यादीत राहते. रोहिणखेडच्या रणांगणावरील लुटीपासून १९५२ च्या तहाच्या चौथ्या कलमापर्यंतचा प्रवास हा निःसंशय प्रगतीचा आहे; परंतु ही प्रगती सरळ रेषेत झालेली नाही. हिशेब ठेवणे हे कायद्याच्या हाती असते; हिशेबाप्रमाणे परत करणे हे त्या त्या काळच्या राजकीय इच्छेवर अवलंबून राहिले आहे. १९५२ मध्ये ती इच्छा होती, म्हणून परतफेड झाली. ताश्कंदनंतर ती दोन्ही बाजूंस टिकली नाही, म्हणून तात्पुरती अभिरक्षा हीच कायमची मालकी बनली.